रंध्याला गेलेली चीर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माळ्यावरची पेटी खाली काढताना आमच्या हातून आजोबांचा रंधा निसटला आणि थेट फरशीवर पडला. आवाज खणखणीत आला नाही, फुटक्या मडक्यासारखा बद्द आला, तेव्हाच मनात चर्र झाले. उचलून पाहिले तर एका पडण्यात तीन जखमा झाल्या होत्या. लाकडी मूठ बुडाशी तुटली होती. पात्याचा एक कोपरा उडाला होता. आणि रंध्याच्या तोंडापासून बाजूच्या भिंतीवर केसाएवढी बारीक चीर वर गेली होती.

आमचे आजोबा सुतार. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचे दुकान होते. घरांचे दरवाजे, पाळणे, पाट हे तर त्यांनी केलेच, पण गावच्या मशिदीतला जनाजाही त्यांच्याच हातचा. १९५० च्या आसपास मुंबईला गेले असता नागदेवी स्ट्रीटवरून त्यांनी हा बिडाचा रंधा घेतला. त्यांच्यानंतर आमच्या घरात कुणी सुतारकी केली नाही. अब्बा मास्तर झाले, आम्ही कचेरीत गेलो. पेटी मात्र माळ्यावर राहिली.

ज्याला दाखवावा तो म्हणे, "टाकून द्या. नवा रंधा यापेक्षा स्वस्त पडेल." हिशेबाने त्यांचे बरोबर होते. तरीही आम्ही दुरुस्तीच्या मागे लागलो, आणि त्या नादात रंध्याचा इतिहास वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की हत्याराचा इतिहास जसा शोधांचा आहे तसाच तो मोडतोडीचा आणि डागडुजीचा आहे. पहिला भाग पुष्कळांनी लिहिला. दुसरा हत्यारांच्या अंगावरच राहिला. तो वाचायचा कसा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

पेटीतली भाषा

सुरुवात शब्दापासून करू. 'रंधा' हा शब्द फारसीतला. तिकडे तो 'रंदा', आणि 'रंदीदन' म्हणजे तासणे, खरवडणे. इराणात आजही सुताराच्या रंध्याला आणि स्वयंपाकघरातल्या किसणीला हा एकच शब्द चालतो. तुर्कांनी तो 'रेंदे' असा उचलला आणि त्यांच्याकडेही दोन्ही अर्थ टिकले. एक लाकूड किसते, दुसरी गाजर, एवढाच फरक. इराणच्या पारंपरिक हुन्नरांवर हान्स वुल्फ यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९६६ साली निघाला. त्यातली सुतारांची हत्यारे पाहताना आपल्याकडच्या पेटीचीच आठवण होते.

आपल्या सुताराच्या पेटीत फारसीने पाठवलेला रंधा हा एकटा पाहुणा नाही. काटकोन पाहायचा 'गुण्या' फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोन, या शब्दावरून आला. लाकडावर समांतर रेघ ओढणारा 'खतकस' म्हणजे 'खत कश', रेघ ओढणारा. खिळे उपटायचा 'अंबूर', लाकूड चिकटवायचा 'सरस', 'पेच' आणि 'पेचकस', लाकडी 'मेख', आणि पात्याचे 'पोलाद', ही सारी मंडळी त्याच वाटेने आली. त्यांच्या शेजारी 'करपत्र' या संस्कृत शब्दावरून आलेली करवत आहे, पोर्तुगिजांकडून आलेली बिजागरी आहे आणि इंग्रजांचे गिरमिट आहे. 'सुतार' हा शब्द स्वतः 'सूत्रधार' वरून आला. ही सारी नावे कुठल्याही शाळेत न गेलेल्या कारागिरांनी जिभेवर सांभाळली. एका पेटीत इतक्या भाषा गुण्यागोविंदाने नांदतात हे आपण मराठी मुसलमानांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे असे आम्हांस वाटते. आपल्या घरांतही तेच चालत आले आहे.

लाकडी रंध्याचे दिवस

रंधा हे हत्यार करवत, पटाशी आणि वाकस यांच्या मानाने तरुण आहे. प्राचीन इजिप्तमध्ये रंधा नव्हता. तिथले सुतार वाकसाने लाकूड तासत आणि वालुकाश्माच्या दगडाने घासून गुळगुळीत करत. तुतनखामेनच्या थडग्यात सापडलेले देखणे लाकडी सामान रंध्याशिवाय घडलेले आहे. रोमनांच्या काळात मात्र रंधा पूर्ण रूपात भेटतो. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात रंधे मिळाले. इंग्लंडमधल्या सिल्चेस्टर या रोमन नगराच्या उत्खननात १८९० साली एक रंधा मिळाला. या रंध्यांचा तळ लोखंडी आणि आतला गाभा लाकडी. म्हणजे तळाला धातू लावावा, तो लवकर झिजत नाही, हे रोमन कारागिराला ठाऊक होते.

पुढे अनेक शतके रंधा बव्हंशी सगळाच लाकडाचा राहिला. १९ जुलै १५४५ रोजी इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज समुद्रात बुडाले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढला. त्यात जहाजावरच्या सुताराची खोली आणि त्याची हत्यारे होती, रंधेही होते. समुद्राच्या गाळात लाकूड टिकले आणि लोखंड गंजून गेले, हे वाचून आम्हांस नवल वाटले. आपण लोखंडाला चिवट समजतो. जवळजवळ साडेचारशे वर्षे पाण्याखाली राहिल्यावर मात्र लाकडाने बाजी मारली.

लाकडी रंध्याची रचना साधी. एक लाकडी ठोकळा, त्याला आरपार तिरपी खाच, खाचेत पाते आणि पात्याला दाबून धरणारी पाचर. हा रंधा पडला तर काय होते? पाचर ज्या कडांत अडकते त्यांतली एखादी कड उडते, किंवा ठोकळ्याला उभी भेग जाते. न पडताही त्याला दुखणी असतात. तळ झिजतो. झिजला की तोंड रुंद होते, आणि तोंड रुंद झाले की लाकडाचा छिलका नीट न निघता फाटून निघतो. पावसात ठोकळा फुगतो, उन्हाळ्यात वाकडा होतो.

या प्रत्येक दुखण्याचे औषध सुताराच्या स्वतःच्या पेटीत होते. तळ वाकडा झाला तर दुसऱ्या रंध्याने तो सरळ करायचा. तोंड रुंद झाले तर तोंडापुढचा तेवढाच तुकडा कोरून काढायचा आणि तिथे कठीण लाकडाची चकती सरस लावून बसवायची. पाचर मोडली तर नवी करायची. भेग गेली तर सरस भरून आवळायची आणि आडव्या मेखा मारायच्या. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या लाकडी रंध्यांच्या तळाला अशा ठिगळांच्या चौकोनी खुणा पुष्कळ दिसतात. कित्येक रंध्यांत मूळ लाकूड किती आणि नंतरचे किती हे सांगणे कठीण जाते. रंधा बिघडवणारा सुतार आणि दुरुस्त करणारा सुतार एकच होता.

याच काळातला एक माणूस आमच्या मनात घर करून बसला आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम या गावी फ्रान्सिस निकल्सन नावाचा रंधे करणारा कारागीर होता. त्याच्याकडे सीझर चेलर हा आफ्रिकन वंशाचा गुलाम काम करी. निकल्सन १७५३ साली वारला. मरताना त्याने मृत्युपत्रात चेलरला मुक्त केले आणि त्याला हत्यारे व जमीन दिली. मुक्त चेलर १७८४ मध्ये मरेपर्यंत रंधे करत राहिला. आपल्या रंध्यांवर तो स्वतःचे नाव ठोकी आणि नावाखाली 'रेंथम येथे राहणारा' असे शब्द ठोकी. ज्याला कालपर्यंत स्वतःवर हक्क नव्हता तो आपला पत्ता लाकडावर कोरून ठेवतो, याचे मोल निराळे सांगायला नको. चेलरचे रंधे आज संग्राहक जपून ठेवतात. पण मुळात ते विकले गेले राबायला, आणि पिढ्यानपिढ्या राबले.

बिडाचे राज्य

मग बीड आले. ऑगस्ट १८२७ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या हॅझर्ड नोल्स याने ओतीव लोखंडाच्या रंध्याचे पेटंट घेतले. पण रंध्याला आजचे रूप दिले ते बॉस्टनच्या लेनर्ड बेली याने. १८५८ पासून १८६७ पर्यंत त्याने एकामागून एक सुधारणांची पेटंटे मिळवली. पाते वरखाली करायला पितळी चक्री, पाचरीऐवजी एका खटक्याने घट्ट बसणारी पट्टी. १८६९ मध्ये न्यू ब्रिटन गावातल्या स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने बेलीचा धंदा विकत घेतला आणि ही जात जगभर पसरली. आज आपल्या बाजारात मिळणारा बिडाचा रंधा, मग तो कुठल्याही कारखान्याचा असो, बहुधा बेलीच्याच वंशातला असतो. आजोबांचा रंधाही त्याच वंशातला. त्यावरचे कारखान्याचे नाव मात्र कधीच घासून गेले आहे.

बिडाने सुताराला पुष्कळ दिले. तळ झिजेना, पावसात फुगेना, उन्हात वाकडा होईना. पाते हातोडीने ठोकून बसवण्याची कला शिकायला लागे ती चक्री फिरवून मिळू लागली. पण एक गोष्ट गेली. हा रंधा पडला तर सुताराला तो घरी दुरुस्त करता येईना.

याचे कारण बिडाच्या पोटात आहे. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि राखाडी बिडात त्याचा बराचसा भाग शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटच्या रूपाने बारीक बारीक पाकळ्या होऊन विखुरलेला असतो. या पाकळ्यांमुळे बीड कापायला, घासायला मऊ जाते आणि रंध्याचा तळ लाकडावरून सहज सरकतो. पण त्याच पाकळ्या म्हणजे धातूच्या अंगातल्या हजारो जन्मजात भेगा. बीड दाबले तर खूप सोसते, ताणले किंवा आपटले तर पाकळीपासून पाकळीपर्यंत चीर पळते. रंध्याच्या तळाला पाते बाहेर येण्यासाठी आडवी फट असते, त्यामुळे तिथे सारा जोर दोन बाजूंच्या पातळ भिंतींवर येतो. पडलेला रंधा म्हणूनच बहुधा तोंडाशी चिरतो. आमचाही तिथेच चिरला.

हे रंधे किती पडत असतील याचा एक चांगला पुरावा कारखानदारांनीच ठेवला आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्टॅन्लेने पोलादी पत्रा वाकवून तळ केलेले रंधे काढले. पडले तरी फुटणार नाहीत, हाच त्यांचा विशेष होता आणि शाळांच्या सुतारवर्गांसारख्या जागा त्यांच्या नजरेसमोर होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद झाले. शिवाय स्टॅन्लेच्या सूचिपत्रांत पाती, मुठी, स्क्रू असे सुटे भाग किंमतीसह दिलेले असत. म्हणजे दुरुस्ती संपली नव्हती. तिचा मालक बदलला होता. पूर्वी मोडलेला तुकडा सुतार कोरून बसवी, आता तो टपालाने मागवायचा होता. जो गाव टपालापासून आणि पैशापासून दूर होता तिथल्या सुताराला मात्र जुनाच मार्ग धरावा लागला.

मुठीतला साक्षीदार

आम्ही दुरुस्तीला सुरुवात केली ती सोप्या टोकाकडून, म्हणजे मुठीपासून. बिडाच्या रंध्याची मागची मूठ हा त्याचा सर्वांत नाजूक अवयव. ती गर्द रंगाच्या कठीण लाकडाची असे. अमेरिकन कारखाने ब्राझीलचे शिसवी वापरत. महायुद्धात ते मिळेनासे झाले तेव्हा साध्या लाकडाला काळा रंग देऊन काम भागवले. पुढे १९९२ साली ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्या मलबारी-कानडी शिसवीचे ते सख्खे भावंड. मुठीत लाकडाच्या नसा तळाला समांतर धावतात, त्यामुळे उभ्या भागात त्या आखूड पडतात आणि बुडाशी धक्का बसला की मूठ कांडीसारखी मोडते.

तुटलेला भाग साफ करायला घेतला तेव्हा नव्या जखमेच्या बोटभर वर एक काळपट रेघ दिसली. मळ असेल असे वाटले. ओल्या फडक्याने पुसले तर रेघेला बोट चिकटू लागले. तो सरस होता. नीट पाहिले तेव्हा रेघेच्या दोन बाजूंना बांबूच्या दोन बारीक मेखाही दिसल्या, लाकडाबरोबर घासून इतक्या सारख्या केलेल्या की एरवी कळल्या नसत्या. मूठ यापूर्वीही एकदा तुटली होती आणि कुणीतरी ती सांधली होती.

आम्ही मूठ घेऊन अब्बांकडे गेलो. अब्बांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांनी मूठ हातात घेतली, रेघेवरून अंगठा फिरवला आणि जरा वेळाने म्हणाले, "हे माझंच काम." दहा वर्षांचे असताना दुकानात खेळता खेळता त्यांच्या हातून रंधा पडला होता. मार बसणार म्हणून ते न जेवता विहिरीमागे बसून राहिले. आजोबांनी मारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरसाचे भांडे चुलीवर ठेवले आणि मेखा तासायला अब्बांनाच बसवले. "तेवढं एकच सुतारकाम मी आयुष्यात केलं," अब्बा म्हणाले. ही गोष्ट त्यांनी आम्हांला कधी सांगितली नव्हती. विचारायचे आम्हांला सुचले नव्हते.

त्या वेळी बीड का चिरले नाही, तेही उलगडले. दुकानाची जमीन शेणाने सारवलेली होती. मातीने रंध्याला झेलले. आमच्या घरात आता चकचकीत फरशी आहे.

सरसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून तो करतात. इजिप्तमधल्या थीब्ज येथे रेखमिरे या वजिराचे थडगे आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे. त्यातल्या भिंतीवरच्या चित्रात सुतार काम करताहेत आणि जवळ विस्तवावर सरसाचे भांडे आहे. सरसाचा गुण असा की तो ऊब आणि ओलावा मिळताच पुन्हा सैल होतो. त्यामुळे पुढचा दुरुस्त करणारा जुना सांधा न फोडता उघडू शकतो. आजचे रासायनिक गोंद याहून बळकट असतात, पण सांधा उघडायची वेळ आली तर लाकूडच फाडावे लागते. आम्ही सरसच वापरला. अब्बांचा जुना सांधा तसाच ठेवला, खालचा नवा तुकडा त्याच रीतीने जोडला आणि मेखा तासायला पुन्हा अब्बाच बसले.

पात्याचे पाणी

पात्याचा कोपरा उडाला होता तो धार मागे नेऊन भरून काढावा लागला. धार लावण्याला मराठीत 'पाजवणे' म्हणतात आणि तापवून थंड करून पोलाद कठीण करण्याला 'पाणी देणे'. जुन्या पात्यांत सगळे पोलाद नसे. पोलाद महाग, म्हणून पाठ साध्या लोखंडाची करत आणि धारेच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी भट्टीत तापवून ठोकून जोडत. पट्टी झिजून संपली की लोहाराकडे जाऊन नवी चढवून घ्यायची. म्हणजे पात्यालाही दुसरा जन्म होता.

पात्याचे पाणी जाते ते बहुधा दुरुस्ती करणाऱ्याच्या घाईने. सहाणेच्या यंत्राला जोरात दाबले की धार तापते. आधी गव्हाळ पिवळी होते, मग तपकिरी, मग जांभळी आणि सुमारे तीनशे अंशांच्या आसपास निळी. रंध्याच्या साध्या पोलादी पात्याला गव्हाळ रंगापर्यंत मुभा असते. निळा रंग दिसला म्हणजे तेवढे पोलाद मऊ पडले, ते घासून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून दर दोन-तीन घासण्यांनंतर पाते पाण्यात बुडवावे लागते. आम्हांला तेवढ्या कामाला एक अख्खी संध्याकाळ लागली. पाते जेमतेम निम्मे उरलेले आहे. उरलेला निम्मा भाग गावातल्या दरवाजांत आणि पाळण्यांत खर्च झाला.

चीर

शेवटी राहिली चीर. ती कुठवर गेली आहे हे आधी पाहायचे. त्यासाठी जुन्या मिस्त्रींची एक रीत आहे. चिरेवर रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने कोरडे पुसायचे आणि वर खडूची पूड चोळायची. आत शिरलेले रॉकेल खडूत पाझरते आणि चिरेची खरी लांबी ओल्या रेघेने उमटते. डोळ्यांना अर्धा इंच दिसत होती ती चीर पाऊण इंच निघाली.

पहिल्या वर्कशॉपमध्ये गेलो तिथे विजेच्या वेल्डिंगने लगेच जोडून देतो म्हणाले. आम्ही रंधा परत आणला. बिडाला एका जागी झटकन तापवले आणि ते झटकन निवले तर सांध्याशेजारचा भाग काचेसारखा कठीण होतो, आणि आकसताना शेजारीच नवी चीर पडते. निकेलच्या सळया वापरून, थोडे थोडे करत हे टाळता येते, पण त्याला वेळ द्यावा लागतो. १९०३ साली फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन वायूंची भट्टीहून तापट ज्योत देणारी बत्ती निघाली. त्यानंतर लहान वर्कशॉपलाही बीड सांधणे आवाक्यात आले. त्यातली सर्वांत सौम्य रीत पितळी झाळेची. पितळी सळई नऊशे अंशांच्या आसपास वितळते. बीड वितळायला साडेअकराशेच्या वर जावे लागते. त्यामुळे बीड न वितळताच पितळ चिरेत उतरते आणि धरून बसते.

दुसऱ्या वर्कशॉपमधले मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी आधी चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडले. टोक गोल झाले की ताण पसरतो आणि चीर पुढे पळत नाही. मग चिरेवर कानशीने खाच केली. यंत्राने घासले तर बिडातले ग्रॅफाइट पृष्ठभागावर माखते आणि पितळ धरत नाही, म्हणून कानस. सगळा सांगाडा जाड लोखंडी पाटावर आवळला, कोळशावर हळूहळू तापवला, टाकणखार भुरभुरवला आणि सळई फिरवली. काम दोन मिनिटांचे होते. त्यानंतर रंधा चुन्याच्या ढिगात पुरून ठेवला. "उद्या दुपारी या," ते म्हणाले, "निवताना घाई केली तर केलेलं सगळं वाया."

तळ किंचित वळला होता. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून, तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारून, सगळ्या रेघा सारख्या पुसल्या जाईपर्यंत तो घासला. त्याला तीन रविवार गेले.

विद्येने पुढे बिडाचा हा दोषही काढला. १९४३ मध्ये कीथ मिलिस या अमेरिकन धातुतज्ज्ञाला बिडात मॅग्नेशियम मिसळले की ग्रॅफाइटच्या पाकळ्यांचे गोल दाणे होतात असे आढळले. दाण्यांतून चीर पळत नाही. अशा चिवट बिडाचे रंधे आता अमेरिका-कॅनडात होतात आणि ते पडले तरी सहसा फुटत नाहीत. ते महाग असतात. सामान्य सुताराच्या हातात अजून राखाडी बीडच आहे.

न मोडलेल्या पेटीची गोष्ट

हत्यारांच्या इतिहासात एक पेटी फार प्रसिद्ध आहे. इंग्लंडमधल्या चॅटम गावच्या बेंजामिन सीटन या तरुणासाठी त्याच्या वडिलांनी डिसेंबर १७९६ मध्ये लंडनहून हत्यारांचा पूर्ण संच घेतला. सीटनने त्यासाठी देखणी पेटी केली आणि आतल्या सामानाची यादी लिहून ठेवली. रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात ती पेटी आज दोनशे वर्षांनंतर जवळजवळ नव्यासारखी आहे. कारण तिच्यातली हत्यारे फारशी वापरलीच गेली नाहीत. अठराव्या शतकातले सुताराचे हत्यार नवे असताना कसे दिसे हे अभ्यासकांना तिने शिकवले, हे तिचे उपकार आहेत. पण त्या काळच्या सुताराचे आयुष्य तिच्यात सापडणार नाही.

जपानच्या कोबे शहरात १९८४ साली ताकेनाका संग्रहालय केवळ सुतारी हत्यारांसाठी उघडले गेले, कारण यंत्रे आल्यावर ती झपाट्याने नाहीशी होत होती. चांगले हत्यार वापरून वापरून संपते, हा हत्यारांच्या संग्राहकांपुढचा जुना पेच आहे. जे उत्तम होते ते झिजले, जे राहिले ते पडून होते.

आपल्यासारख्या कारागिरांच्या घरांत बखरी नसतात, वंशावळी नसतात. आजोबांचे नाव कुठल्या गॅझेटियरात नाही. त्यांनी केलेल्या दरवाजांवर त्यांनी सही केली नाही. पण त्यांच्या रंध्यावर सरसाची एक रेघ होती, तिच्यात बांबूच्या दोन मेखा होत्या, आणि त्या मेखांत एका भ्यालेल्या मुलाची आणि न रागावलेल्या बापाची सकाळ होती. रंधा फेकला असता तर ती गेली असती. तो पडलाच नसता तर ती आम्हांला कळलीही नसती, हेही तितकेच खरे.

आता त्याच्या भिंतीवर पाऊण इंचाची पितळी रेघ आहे. मिस्त्री म्हणाले, काळा रंग मारून झाकून देतो. आम्ही नको म्हटले. परवा अब्बांनी शेगड्यात सागाचा एक तुकडा धरून रंधा चालवून पाहिला. दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा कागदासारखा पातळ छिलका अखंड निघाला. आमच्या धाकट्या मुलीने तो उचलून वहीत ठेवला.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात अशी एखादी पेटी असेल, मग ती सुताराची असो, लोहाराची असो, विणकराची असो की शिंप्याची, त्यांनी ती एकदा खाली काढावी. जपून काढावी. आणि त्यातले मोडके, सांधलेले, ठिगळ लावलेले जे असेल ते घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात देऊन विचारावे, की हे कधी झाले.